उत्स्फूर्त म्हणजे नेमकं काय? घागर मोर्चा ते नमुना ४

आमच्याकडं बंदच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर न उघडताही वाचता येतो. 'कडकडीत बंद', 'उत्स्फूर्त प्रतिसाद' आणि खाली शटर ओढलेल्या बाजारपेठेचा फोटो. सकाळी दहाला मोटारसायकलींचा ताफा दिसला की शटर अर्ध्यावर ओढायचं, ताफा पुढं गेला की खालून वाकून गिऱ्हाइकाला साखरेची पुडी द्यायची. ज्यानं हे केलंय त्याला या 'उत्स्फूर्त'चा अर्थ बरोबर कळतो. वडिलांच्या दुकानात बसून मी हे बऱ्याचदा केलंय.

त्यामुळं हा शब्द आधी जरा धुऊन घेऊ. राजकारणातली उत्स्फूर्त कृती म्हणजे पक्षानं किंवा संघटनेनं हाक दिलेली नाही, तारीख ठरलेली नाही, तरी माणसं एकाच वेळी घराबाहेर पडतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बदलाचे रस्ते ठरलेले असतात: निवडणूक, कायदा, कोर्ट. न बोलावता जमलेल्या माणसांना त्यात धडाच नाही. प्रत्यक्षात मात्र त्या तिन्ही रस्त्यांवर गाडी हलली ती पुष्कळदा अशाच माणसांच्या धक्क्यानं. कधी ती पुढं गेली, कधी थेट खड्ड्यात.

२०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं आणि ते बघायला देशभरचे कॅमेरे. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावलं होतं. म्हणजे घागर घेऊन पाच जण एकत्र आले तरी पंचाईत. मी तेव्हा मावशीच्या गावी होतो. तिथं ना रेल्वे, ना कॅमेरा. टँकर यायचा, विहिरीत ओतून जायचा आणि बाया पोहऱ्यानं शेंदायच्या. तो टँकरही नऊ दिवस फिरकला नव्हता.

दहाव्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज आला म्हणून बाया घागरी घेऊन वेशीकडं पळाल्या. बघतात तर कडबा भरलेला ट्रॅक्टर. सगळ्या परत फिरल्या, एक म्हातारी तेवढी फिरली नाही. गाव तिला जिजा म्हणायचं. जिजा काखेतली घागर तशीच घेऊन ग्रामपंचायतीच्या वाटेला लागली. कुणाला काही बोलली नाही. मागून तिची सून निघाली, कारण सासूला उन्हात एकटी कशी सोडायची. सुनेमागं शेजारीण. पंचायतीच्या पायरीपर्यंत पंचवीस-तीस जणी झाल्या आणि पहिली घागर फरशीवर आपटली तेव्हा मागची गल्ली भरलेली होती. प्लास्टिकच्या रिकाम्या घागरीचा आवाज स्टीलच्या हंड्यासारखा खणखणीत नसतो. पोकळ असतो, भद्दकन येतो. पन्नास घागरींचा आला तेव्हा आतला पंखा बंद करून माणूस बाहेर आला.

मी नंतर जिजाला विचारलं, "तुम्ही आधी ठरवलं होतं का?"

"ठरवाया काय लगीन होतं का बाबा? रिकामी घागर घेऊन पुन्हा घरला जायची लाज वाटली. म्हणून इकडं गेले."

हे जे झालं त्याचं गणित मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये मांडलं. प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो, म्हणाला तो: माझ्याआधी किती जण निघाले की मी निघेन? जिजाचा आकडा शून्य. सुनेचा एक. शेजारणीचा दोन. कुणाचा दहा, कुणाचा तीस. सरपंचाच्या भावकीतल्या एखादीचा दोनशे, म्हणजे ती बहुधा खिडकीतूनच बघणार. आकडे एकाला एक लागून असले की साखळी धरते आणि सगळं गाव बाहेर येतं.

आता समजा, सून त्या दिवशी माहेरी गेली असती. एक आकड्याचं माणूस गळालं. शेजारीण दोघी दिसण्याची वाट बघत उंबऱ्यात थांबली असती, तिच्यामुळं पुढची थांबली असती. जिजा पायरीवर एकटी बसून परत आली असती आणि गाव म्हणालं असतं, म्हातारीला ऊन लागलं. तहान तेवढीच आणि रागही तेवढाच, फक्त एक बाई माहेरी. शेजारच्या गावात हेच झालं नसेल कशावरून? म्हणून अशा उठावांचं भाकीत करता येत नाही. घडून गेल्यावर 'हे होणारच होतं' सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आदल्या दिवशी ते कुठं असतात ते विचारू नये.

या गणिताला जोडून दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडं तयार शब्द आहेत: पोटात एक, ओठात एक. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञानं पूर्व युरोपातल्या १९८९ च्या उलथापालथीचा उलगडा याच अंगानं केला. धाक असलेल्या राज्यात प्रत्येक जण बाहेर मान डोलावतो आणि मनातून वैतागलेला असतो. पण शेजारीही वैतागलाय हे त्याला दिसत नाही, कारण शेजारीही मानच डोलावत असतो. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सोमवारच्या प्रार्थनेनंतर लोक चर्चमधून निघून रस्त्यानं चालायचे. ९ ऑक्टोबर १९८९ ला ते सुमारे ७० हजार झाले. पोलीस तयारीत होते, पण गोळी सुटली नाही. त्या संध्याकाळी लोकांना सरकारविषयी नवं काही कळलं नव्हतं. कळलं ते एकमेकांविषयी. बरोबर महिनाभरानं बर्लिनची भिंत उघडली.

मराठवाड्याला ही पोटातली गोष्ट परकी नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायला परवानगी लागायची आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये जन्मताच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात पोरांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटलं. मनाई झाली, पोरं हटली नाहीत. वारं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं आणि पोरांची नावं भराभर कमी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं आपल्याकडं घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

पोरं एका गाण्यावरून उठली, असं सांगितलं की गोष्ट छान वाटते. पण विहीर खोदणाऱ्याला विचारा. पाणी शेवटच्या सुरुंगाला लागतं, तरी त्याआधीचे पन्नास फूट कुणीतरी खोदलेले असतात. इथं ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनं खोदले, अंबाजोगाईच्या योगेश्वरीनं खोदले. या दोन्ही शाळांत स्वामी रामानंद तीर्थांनी मास्तरकी केली. ते खोदले गावोगावच्या वाचनालयांनी, गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी. १९३७ मध्ये परतूरला निजामाच्या राज्यातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. राजकारण बोलायची सोय नव्हती म्हणून लोक भाषा, शिक्षण, ग्रंथालय यांवर बोलत होते आणि बोलता बोलता एकमेकांचे आकडे ओळखत होते. दहा वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, याच गावांतून शिंदीची झाडं तोडली गेली, कारण शिंदीच्या अबकारीतून निजामाच्या खजिन्यात पैसा जायचा. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळले गेले. कुठलं झाड, कुठला नाका, हे पुष्कळदा गावातल्या गावात ठरलं. पण झाडच का आणि नाकाच का, ही समज आधीच्या खोदकामातून आलेली होती.

इथवरची बाजू गोड आहे. आता अवघड भाग. पाणी लागलं म्हणजे विहीर बांधून झाली असं नाही.

ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० ला मोहम्मद बुअझिझी या भाजीवाल्यानं, हातगाडीवरचा माल आणि वजनकाटा जप्त झाल्यावर, सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतलं. आठवडी बाजारात बसलेल्या आपल्या कुणालाही काटा उचलून नेणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. १४ जानेवारी २०११ ला, म्हणजे महिनाही पुरा व्हायच्या आत, तेवीस वर्षं गादीवर असलेला अध्यक्ष देश सोडून पळाला. तिथून वारं इजिप्तला गेलं, तिथं फेब्रुवारीत अध्यक्ष मुबारक यांची खुर्ची गेली. ट्युनिशियात कामगारांची जुनी, मजबूत संघटना होती. ती आणि आणखी तीन संस्था मध्ये पडल्या आणि २०१४ मध्ये देशाला नवी घटना मिळाली. इजिप्तमध्ये चौकातल्या गर्दीखेरीज संघटित अशा दोनच गोष्टी होत्या, लष्कर आणि मुस्लिम ब्रदरहूड. २०१३ मध्ये सत्ता पुन्हा लष्कराकडं. ट्युनिशियाचंही पुढं काही सुखाचं झालं नाही. २०२१ मध्ये तिथल्या अध्यक्षानं संसदच स्थगित केली. गर्दीला खुर्ची रिकामी करता येते. त्या खुर्चीवर कोण बसणार, हे ज्याच्याकडं रजिस्टर, कार्यालय आणि सभासद असतात तो ठरवतो.

मला स्वतःला लांबच्या क्रांत्यांपेक्षा घरचं एक उदाहरण जास्त शिकवून जातं. १९७२ चा दुष्काळ. आमच्या घरी अजून कुणी ताटात टाकलं की 'बहात्तर बघितला असता तर' हे वाक्य येतं. मिलो नावाची परदेशातून आलेली लालसर ज्वारी, दुष्काळी कामावर लेकरांना मिळणारी सुकडी, आणि खडी. आजी सांगायची, हातोडीच्या दांड्यानं तळहाताला पडलेले घट्टे कापूस वेचताना बोंडात अडकायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. जिथं काम निघालं नव्हतं तिथं माणसं तहसीलवर जाऊन बसत होती. मस्टरवर नाव नाही, पगार रखडला, पाण्याची सोय नाही, लेकरांना सावली नाही, कारणं रोजची होती. डाव्या, समाजवादी कार्यकर्त्यांनी या गर्दीला मागण्यांची भाषा दिली हे खरं, पण सगळ्याच जागी कार्यकर्ता पोचलेला नव्हता. भूक पोचलेली होती.

त्यातून रोजगार हमी आली. एकट्या मोर्चांनी कायदा आणला म्हणणं भाबडेपणाचं होईल. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, ती आधीपासून आकार घेत होती. शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशानं जो रोजगार हमीचा कायदा केला तो याच वळणावर. पण रस्त्यावर लाखो माणसं नसती तर पाग्यांची कल्पना एखाद्या फायलीत सुखानं झोपली असती, आणि पागे नसते तर ती लाखो माणसं पहिला पाऊस पडल्यावर घरी गेली असती, पुढच्या दुष्काळापर्यंत.

या कायद्यातला बारकावा मला फार आवडतो. काम मागायचा एक छापील अर्ज आहे, नमुना ४. तो भरून दिला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. म्हणजे १९७२ साली तहसीलच्या दारात जी बोंब मारावी लागत होती, तिचा कायद्यानं एक कागद केला. बोंब मारायला शंभर माणसं लागतात, नमुना ४ एकटी बाई भरू शकते. जो उठाव पुढच्या उठावाची गरज कमी करतो तो कामी आला, असं मी तरी मानतो.

या मापानं १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन मोजलं तर हिशेब निम्मा लागतो. अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून डिसेंबर १९७३ मध्ये पोरं उठली आणि फेब्रुवारीत गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल घरी गेले. त्याच सुमाराला इकडं परभणी भागातले विद्यार्थी नोकऱ्या आणि विकासाच्या अनुशेषावरून पेटले होते. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे जीव गेले, आंदोलन सगळ्या विभागात पसरलं, गोविंदभाई श्रॉफांसारखी मुक्तिसंग्रामातली माणसं पुढं उभी राहिली. मागण्यांत ब्रॉडगेज रेल्वे होती. मनमाड ते औरंगाबाद ती यायला १९९० चं दशक उजाडलं. ज्या पोरांनी घोषणा दिल्या त्यांची लेकरं तोवर कॉलेजात गेली होती.

आणि १९७८. उत्स्फूर्ततेवर लिहायचं आणि मराठवाड्यात राहून हे वर्ष गाळायचं, हे जमणार नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर काही दिवसांत विभागभर दलित वस्त्या जळाल्या. ज्या गावांतून विद्यापीठाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं तिथं घरं पेटवली, विहिरीत घाण टाकली, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यांतले एक. तेव्हा आणि नंतरही एक शब्द वारंवार ऐकू आला: जनक्षोभ. लोकांच्या भावना उसळल्या, त्याला कोण काय करणार? 'उत्स्फूर्त' या शब्दाचा हा दुसरा उपयोग. ज्यानं काडी ओढली त्याचं नाव गर्दीत विरघळवून टाकायचा.

ग्रॅनोव्हेटरचं गणित इथंही तसंच चालतं, हे मान्य करावं लागतं. दगड मारणाऱ्याचाही आकडा असतोच. साखळीला पाणी आणि रॉकेल यांतला फरक कळत नाही. फरक आपल्याला करावा लागतो, आणि मी तो असा करतो: त्या दिवसानंतर गावात बोलू शकणारी माणसं वाढली की कमी झाली? घागर मोर्चानंतर आमच्या मावशीच्या गावात ग्रामसभेला बाया यायला लागल्या. १९७८ नंतर कित्येक कुटुंबांनी गाव सोडलं. दुसऱ्या बाजूनं नामांतरासाठी उभं राहिलेलं आंदोलन मात्र टिकलं. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, तुरुंग झाले, बळी गेले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षं. एवढं लांब चालायला नुसती उसळी पुरत नाही, वस्तीवस्तीतला कार्यकर्ता लागतो.

अलीकडची गोष्ट थोडक्यात, कारण ती अजून चालू आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा निघाला. निमित्त नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या कोपर्डीच्या अत्याचाराचं. पुढारी मागं, मुली पुढं, घोषणा नाहीत. लोक याला उत्स्फूर्त म्हणाले आणि ते खोटं नव्हतं, पण पार्किंग, पाणी, रुग्णवाहिका, मोर्चानंतर रस्ता झाडणारे स्वयंसेवक, हे आपोआप होत नसतं. नेता नसणं वेगळं आणि नियोजन नसणं वेगळं. अडचण आली ती पुढच्या पायरीवर. सरकार म्हणतं, चर्चेला या. मग जायचं कुणी? नेता नसलेल्या गर्दीला फोडता येत नाही, विकत घेता येत नाही आणि वाटाघाटीलाही पाठवता येत नाही. सात वर्षांनी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, त्याचे व्हिडिओ रात्रीतून मोबाइलवर फिरले, दुसऱ्या दिवशी कुणाच्या हाकेची वाट न बघता गावं बंद झाली. या वेळी मात्र समोर एक चेहरा होता, मनोज जरांगे पाटील. २ सप्टेंबर २०२५ ला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतचा शासन निर्णय आला आणि त्यावर ओबीसी समाजातून आक्षेप उभे राहिले. आरक्षणाचा निवाडा मी इथं करत नाही. एवढंच दिसतं की एका गर्दीला उत्तर द्यायला दुसरी गर्दी तयार होते, आणि मग दोघांनाही शेवटी कागदापाशीच बसावं लागतं.

जिजाच्या गावातला कागद मी स्वतः लिहिला होता. 'मा. सरपंच यांस, विषय: टँकर सुरू करणेबाबत.' खाली एकोणचाळीस सह्या आणि अंगठे. बाहेर आलेल्या माणसानं तो घेतला, घडी घातली आणि म्हणाला, "ठिवतो मी इथं. उद्या बघू. जावा आता घरी."

बाया उठायला लागल्या होत्या. दहा आकड्याच्या, वीस आकड्याच्या उठल्यासुद्धा. जिजा बसून राहिली.

"पोच दे की बाबा. शिक्का मार, तारीख टाक."

"मावशे, आपल्याच गावातलं हाय, पोच कशाला लागतीय?"

"बहात्तरला खडीवर होते मी. पोच नसली की उद्या तूच म्हणशील, कवा आलत्या."

शिक्क्याचं पॅड वाळलेलं निघालं. त्यावर शिंपडायला पंचायतीत पाण्याचा थेंब नव्हता. शेवटी त्या माणसानं शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली, दोनदा दाबून मारला, आणि बाजूला पेनानं तारीख घातली. टँकर तिसऱ्या दिवशी आला. तो कागद जिजानं घरी देव्हाऱ्यामागं ठेवला होता.